एका झाडाचं बी म्हणजे वाण नव्हे

बी-बियाणं : वाचकांचे प्रश्न

कार्तिक संपत आला की माझ्याकडं पत्रं वाढतात. शेतात अंबाडीची बोंडं वाळायला लागतात, तागाच्या शेंगा खुळखुळतात, आणि बी कसं धरायचं हे विचारायला लोकांना आठवतं. या वेळची बहुतेक पत्रं वाखाच्या, म्हणजे दोर वळायच्या धाग्याच्या, पिकांबद्दल आहेत. पहिलं पत्र मात्र वेगळं आहे. ते बाजूला ठेवावं असं एकदा वाटलं होतं, पण त्यातला प्रश्न खरा आहे, म्हणून सुरुवात त्यानंच करते.

*ताई, मे महिन्यात मी हिमाचलात डोंगर चढायला गेलो होतो. पार्वती नदीच्या खोऱ्यात एका घरी मुक्काम झाला. तिथल्या आजी भांगेच्या वाखाचा दोर वळत होत्या. त्या म्हणाल्या, आमचं जुनं बी आता कुणी धरत नाही, सगळे बाहेरचं लावतात. निघताना त्यांनी चिमूटभर बी हातावर ठेवलं. ते डबीत आहे. आमच्या परड्यात चार-पाच रोपं लावून हा वाण वाचवावा असं मनात आहे. कसं करू?*
— एक वाचक, कोल्हापूर (नाव छापू नये ही विनंती)

तुमची कळकळ पत्रातून कळते, म्हणून सविस्तर लिहिते. पण आधी सरळ सांगते : ते बी परड्यात टाकू नका.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, ज्याला सगळे एन.डी.पी.एस. म्हणतात, भांगेच्याच झाडापासून होणाऱ्या गांजाची व्याख्या फुलोऱ्यापुरती आहे. फुलोऱ्याशिवायची नुसती पानं आणि बी त्यातून वगळलंय. त्यामुळं पुष्कळांचा समज होतो की बी चालतं तर रोपही चालत असेल. तसं नाही. कलम ८ भांगेचं कुठलंही झाड लावायला बंदी घालतं आणि कलम २० मध्ये त्याला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितलाय. रोप एक की शंभर, लागवड ती लागवडच. वाखासाठी आणि बियांसाठी सरकार कलम १४ खाली परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडानं २०१८ पासून असे परवाने द्यायला सुरुवात केली, तिथं नशेचं द्रव्य ०.३ टक्क्याच्या आत असलं पाहिजे अशी अट आहे. परड्यातल्या हौसेला तो परवाना नसतो.

आता समजा हा कायदाच नसता, तरीही मी तुम्हाला नको म्हटलं असतं. त्याचं कारण झाडातच आहे.

गावरान वाण म्हणजे एकसारख्या झाडांची रांग नव्हे. त्यात उंच असतात, ठेंगणी असतात, लवकर फुलणारी, उशिरा फुलणारी, थंडी सोसणारी, पाण्यात तग धरणारी असतात. तो सगळा घोळका मिळून वाण होतो. जोतिबाच्या चैत्री यात्रेतून पाच माणसं घरी आणली आणि म्हणालात ही बघा यात्रा, तर कुणी मानेल का? तुमच्या चार-पाच रोपांचं तसंच होणार. त्यातही भांगेत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. पाचांपैकी पाचही नर निघाले तर बीच नाही. दोन नर आणि तीन माद्या निघाल्या तर पुढची सगळी पिढी त्या पाचांचीच लेकरं. दोन-तीन वर्षांत सख्ख्या भावंडांत लग्न लावल्यासारखं होतं आणि झाड खुरटत जातं.

या झाडाला मधमाशी लागत नाही. पराग वाऱ्यावर जातो आणि कित्येक किलोमीटर जातो. आजी जे म्हणाल्या त्याचं मूळ इथंच आहे. मलाना गावात आणि आसपासच्या भागात बाहेरून संकरित बी आलं. एका शेतात ते लावलं की त्याचा पराग वाऱ्याबरोबर शेजारच्या सात शेतांत जाऊन बसतो. ज्यानं जुनंच बी पेरलं त्याच्याही हातात पुढल्या वर्षी भेसळ येते. अशा वेळी वाण एकट्या घरानं राखता येत नाही, अख्ख्या खोऱ्यानं ठरवावं लागतं.

नर झाडावरून एक जुनी गोष्ट सांगते. इंग्रज सरकारनं १८९३-९४ मध्ये भांग-गांजावर एक आयोग नेमला होता, त्याचा अहवाल अनेक खंडांचा आहे. तेव्हाच्या बंगालात नौगाव भागात गांजाची मोठी शेती होती आणि तिथं नर झाडं ओळखून काढायला खास जाणकार माणूस बोलवत. त्याला पोद्दार म्हणत. मादीला पराग लागून बी धरू नये, म्हणून हा खटाटोप. म्हणजे ज्याला नशा हवी तो नर उपटतो आणि ज्याला वाण हवा त्याला नर राखावे लागतात. दोघांची वाट पहिल्या फुलापासूनच वेगळी होते. तुम्ही दुसऱ्या वाटेचे आहात हे मला पत्रावरून दिसतं, पण ही वाट मोठ्या रानाची आहे, परड्याची नाही.

आणखी एक गोष्ट आहे, दिवसाच्या लांबीची. भांग रात्र मोजते. रात्र ठरावीक लांबीची झाली की ती फुलायला लागते. पार्वतीच्या खोऱ्यात जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वाचौदा तासांचा असतो. आपल्या कोल्हापुरात तो तेरा तास आणि वर काही मिनिटं, एवढाच. म्हणजे तिथलं झाड इथं आणलं की त्याला पहिल्या दिवसापासून रात्र मोठी वाटणार. ते उंची न घेताच फुलणार, आणि जे उंच वाढून उशिरा फुलायचं ते आपल्या हवेत सडणार. तीन वर्षांनी तुमच्या हातात जे बी उरेल ते पार्वतीचं राहिलेलं नसेल.

मग करायचं काय? बी जिथलं तिथं राहू द्या. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरो, म्हणजे एन.बी.पी.जी.आर., ही संस्था देशभरचे गावरान वाण गोळा करते आणि दिल्लीतल्या जनुकपेढीत उणे १८ अंशांवर ठेवते. तिची केंद्रं शिमल्यालाही आहेत, उत्तराखंडात भोवालीलाही. त्यांना आधी पत्र लिहा. बी परस्पर टपालानं पाठवू नका. पत्रात गाव, अंदाजे उंची, पेरणीचा महिना, त्या बियाला घरात काय म्हणतात, त्याचं काय काय करतात, हे सगळं लिहा. माहितीशिवायचं बी म्हणजे नाव-गाव नसलेलं पोर. आजींचा दोर वळतानाचा फोटो असेल तर तोही जपा. तुम्ही तिथं होतात आणि विचारलंत, हेच तुमच्याकडचं खरं धन आहे.

आणि हात स्वस्थ बसत नसतील, तर खालची उत्तरं वाचा. अंबाडी आपली आहे, वाखाची आहे, आणि तीही आपल्या डोळ्यांदेखत चालली आहे.

*आमच्या बांधावर दरवर्षी अंबाडी असते. गणपतीला पुण्याहून पाहुणे आले, त्यांतल्या एका मुलानं ती गांजा समजून फोटो काढून सगळ्यांना पाठवला. आता गावात कुजबुज आहे. सासरे म्हणतात, उपटून टाक, उगाच झंझट नको. काय करावं?*
— एक गृहिणी, कागल तालुका

उपटू नका, मामंजींना हे वाचून दाखवा. त्या मुलाची चूक पहिली नाही. अंबाडीचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनॅबिनस आहे, म्हणजे भांगेसारखी जास्वंद. पान पाहूनच हे नाव पडलं.

ओळखायचं कसं ते आज सकाळी झाडाजवळ उभी राहून पाहिलं, तसंच लिहिते. अंबाडीचं पान बोटांसारखं चिरलेलं असलं तरी तळाशी सलग असतं, तळहाताला बोटं जोडलेली असतात तसं. भांगेच्या पानाची प्रत्येक पाती देठापर्यंत सुटी असते. अंबाडीच्या बुडखाजवळची पानं तर चिरलेलीच नसतात, बदामाच्या आकाराची असतात, आणि एकाच झाडावर खाली एक, वर दुसरं असं दिसतं. खोडावर बोट उलटं फिरवलं की बारीक काटे लागतात. पान चावलं की आंबट. फूल आलं असेल तर प्रश्नच मिटला. हाताच्या तळव्याएवढं फिकट पिवळं फूल, पोटात गडद तांबडा डाग, सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत मिटून जातं. भांगेच्या फुलाला पाकळीच नसते, आणि झाडाचा उग्र दर्प चार हातांवरून येतो.

पुढच्या वेळी पाहुण्यांना जोंधळ्याच्या कण्या आणि अंबाडीची भाजी वाढा, वरून लसणाची चरचरीत फोडणी. फोटो त्याचाही जाऊ दे.

*अंबाडीचं बी घरचं धरायचं आहे. किती झाडं ठेवावीत, कोणती निवडावीत?*
— एक शेतकरी, गडहिंग्लज

या प्रश्नाला मी पुस्तकातलं उत्तर देऊ शकते, पण स्वतःचं देते, कारण ते मला महागात पडलंय.

पंचगंगेकाठच्या आमच्या शेतात सासूबाई मक्याच्या आणि ज्वारीच्या कडेनं अंबाडी टाकायच्या. मिरगात पेरायची, भाद्रपदापर्यंत भाजीला शेंडे खुडायचे, आश्विनात फुलायची. बी धरताना त्या बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायच्या आणि प्रत्येक झाडाचं एकेक, दोनदोन बोंड काढून ओट्यात टाकायच्या. उंच झाडाचं, बुटक्याचं, हिरव्या खोडाचं, तांबड्या खोडाचं. मी तेव्हा वनस्पतिशास्त्र शिकवायला नुकती लागले होते. मला वाटलं, ही पद्धत अडाणी आहे. त्या आजारी पडल्या त्या वर्षी बी मी धरलं. सगळ्यांत उंच, सगळ्यांत जाड, तांबड्या खोडाची तीन झाडं निवडली आणि त्यांच्याच बियांनी डबा भरला.

पुढल्या वर्षी बांध देखणा दिसला. सगळी झाडं एका उंचीची, एका रंगाची. बघणारे विचारून जायचे. त्याच्या पुढल्या वर्षी परतीचा पाऊस आश्विनात लागून राहिला. आमची सगळी झाडं एकाच आठवड्यात फुललेली, एकाच वेळी कोवळी बोंडं धरलेली, आणि ती सगळीच्या सगळी बुरशीनं काळी पडली. आधीच्या घोळक्यात पंधरा दिवस उशिरा फुलणारी झाडं होती. ती मला कुरूप वाटली होती. तीच त्या वर्षी वाचली असती. माझी नणंद आजऱ्याला दिलीय, तिनं सासूबाईंचं जुनं बी नेलेलं होतं, म्हणून ते आमच्या घरी परत आलं. तिनं फडक्यात बांधून दिलेलं बी मी ओंजळीत घेतलं तेव्हा सासूबाई नव्हत्या. त्यांना सांगायचं राहून गेलं.

तेव्हा, काका, असं करा. निदान पन्नास झाडांवरून बी घ्या, शंभर असतील तर उत्तम. प्रत्येकाकडून सारखंच घ्या, चांगल्या झाडाकडून जास्त नको. रोगट झाड तेवढं काढून टाका. वेगळं दिसतं म्हणून कुणाला उपटू नका. बियाच्या झाडांचे शेंडे श्रावणानंतर खुडायचे नाहीत. बोंडं खालून वर पिकत जातात, म्हणून दोन-तीन खेपांत काढावी लागतात. बोंडावरची लव टोचते, हातात जुने पायमोजे घाला. एका बोंडात वीसेक बिया निघतात, करड्या, तिकोनी.

पेरणी मात्र मिरगातच. अंबाडीही भांगेसारखी रात्र मोजणारी आहे. उशिरा पेरली की गुडघ्याएवढी होऊन फुलते. त्याचा वाख निघत नाही. (वाखासाठी काढायची तर फुलं लागली की कापा, पेंढ्या बांधून पाण्यात कुजत घाला. दोन आठवड्यांच्या सुमारास साल सुटते. वाहत्या ओढ्यात नको, माशांना त्रास होतो.)

*गच्चीवर मोठ्या कुंडीत हौसेनं ताग लावला. पिवळीधमक फुलं आली, पण एकही शेंग धरली नाही. खत कमी पडलं का?*
— एक वाचक, राजारामपुरी

खताचा संबंध नाही. तुमच्या गच्चीवर भुंगा येत नाही.

तागाचं फूल नीट पाहा, हरभऱ्याच्या फुलासारखंच पण मोठं. खालच्या दोन पाकळ्या जोडून होडी झालेली असते, पराग आणि तो झेलणारी कुक्षी त्या होडीत बंद. होडीवर वजनदार काहीतरी बसून ती दाबली गेली तरच आतलं बाहेर येतं. शिवाय कुक्षीचं टोक घासलं गेल्याशिवाय ते पराग स्वीकारत नाही. हे काम लाकूड पोखरणारा मोठा काळा भुंगा आणि पानं कापणारी माशी करते. छोट्या मधमाशीला ते झेपत नाही. चौथ्या मजल्यावर एका कुंडीसाठी भुंगा कशाला येईल?

उसाच्या रानात ताग पेरतात तो हिरवळीच्या खताला. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत, फुलावर येतायेताच गाडतात. त्यामुळं बी धरायची सवयच मोडली, दरवर्षी पिशवी विकत आणायची. पूर्वी कासरा, दावं, चऱ्हाट घरच्या तागाचं वळायचे, तेव्हा एक पट्टा बियाला ठेवलेला असायचा. तुमच्या ओळखीत कुणाचं शेत असेल तर त्यांना दोन गुंठ्यांचा तुकडा बियाला सोडायला सांगा, आणि बांधावरचं वाळकं लाकूड जाळू नका म्हणावं. भुंग्याचं घर त्यात असतं.

*बी साठवायचं कसं? दरवर्षी पावसाळ्यात कीड नाहीतर बुरशी.*
— भुदरगड, पन्हाळा आणि शाहूवाडीहून तीन पत्रं

ओल हा बियाचा शत्रू, उष्णता दुसरा. जुना आडाखा आहे : बियातली ओल एका टक्क्यानं उतरली की त्याचं आयुष्य दुप्पट, आणि तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. अंबाडीचं बी तेलाचं आहे, ते उघड्यावर दोन-तीन वर्षांत मरतं.

सकाळच्या उन्हात सुपात वाळवा. दुपारी पत्र्यावर किंवा सिमेंटच्या खळ्यावर नको, बी भाजतं. वाळलं की नाही ते मिठानं कळतं. काचेच्या कोरड्या बरणीत थोडं बी आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवा, दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर अजून ओल आहे. मग घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, आणि खमंग भाजून बंद डब्यात गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी वर ठेवा. तांदूळ ओल ओढून घेतो. कडधान्याच्या बियाला चाळलेली राख चांगली. पेरणीआधी शंभर बिया ओल्या फडक्यात गुंडाळून मोजा. ऐंशी उगवल्या तर ठीक, पन्नासच उगवल्या तर दुप्पट टाका.

आणि सगळं बी एका घरात ठेवू नका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या माळ्यापर्यंत पाणी आलं. उतरंडीची गाडगी, बरण्या, नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या, सगळं गाळात गेलं. पूर उतरल्यावर शेजारच्या उंच गावातल्या एक बाई डोक्यावर पाटी घेऊन आल्या. मी त्यांना चार वर्षांपूर्वी दिलेलं घेवडा, वाळूक, अंबाडी, सगळ्याचं बी वेगवेगळ्या चिंध्यांत बांधून त्यांनी परत आणलं होतं. तेव्हापासून माझं बी तीन घरांत असतं : एक आमचं, एक आजऱ्याला, एक त्या बाईंकडं.

*शेजाऱ्यांना बी दिलं तर कायद्यात बसतं का?*
— एक वाचक, चंदगड

बसतं. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात, कलम ३९ मध्ये, घरचं बी राखायचा, पेरायचा, देवघेव करायचा आणि विकायचाही हक्क शेतकऱ्याला दिलाय. संरक्षित वाणाचं बी छापील ब्रँडच्या नावानं मात्र विकता येत नाही. तुमच्या भागातल्या घनसाळीसारख्या भातांना तर हे विशेष लागू आहे. आजरा घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण शेतात घनसाळ आहे का हे पेरणाऱ्यानंच बघायचंय.

*लाल अंबाडी आणि साधी अंबाडी शेजारी लावली तर भेसळ होते का?*
— एक वाचक, इचलकरंजी

नाही. दोन्हींची जात वेगळी आहे, गुणसूत्रं एकीची ३६, दुसरीची ७२, सहसा जमत नाही. बिनधास्त एका वाफ्यात लावा. लाल बोंडांचं सरबत होईल, हिरव्या पानांची भाजी.